केळनेच्या चिखलातील होकायंत्र

सत्तरी गाठलेला एक मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून नदीच्या पात्रात उभा आहे आणि लोणच्याच्या बरणीत चमच्याने चिखल भरतो आहे, असे दृश्य भोकरदनच्या पुलावरून कुणाला दिसले तर त्याने काय समजावे? २०२३ सालच्या ऑक्टोबरात मी हा उद्योग करीत होतो, आणि लोकांनी जे समजावयाचे ते समजून घेतले. एकाला वाटले, हे मधुमेहावरचे औषध असावे. दुसरा पुलाच्या कठड्यावरून ओणवा होऊन म्हणाला, "गुरुजी, लागलं का काही हाताला?" त्याच्या आवाजात सोन्याचा वास होता. त्याचाही दोष नाही म्हणा. आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर या गावच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. १९७३ साली देव आणि गुप्ते यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिचे साम्य निघाले थेट इटलीतील पाँपेई शहरात सापडलेल्या मूर्तीशी! अशा गावात मातीत हात घालणारा मनुष्य उगाच हात घालीत असेल, यावर कोण विश्वास ठेवील?

मी शोधीत होतो ते मात्र सोन्याहून पुष्कळ लहान होते. इतके लहान, की त्यातली वीस-पंचवीस एकापुढे एक उभी केली तरी माझ्या डोक्यावरच्या एका पांढऱ्या केसाची जाडी भरून निघणार नाही.

या सगळ्याला कारण माझी नात. ती नववीत शिकते आणि आमच्याकडेच असते. एके संध्याकाळी पाटावर बसल्या बसल्या तिने विचारले, "आबा, काही जंतूंना म्हणे उत्तर दिशा कळते. त्यांच्या पोटात लोहचुंबक असतो. आपल्या केळनेतल्या जंतूंना कळत असेल का हो?"

पस्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला 'माहीत नाही' हे दोन शब्द उच्चारावयास फार जड जातात. मी म्हणालो, "बघू की. त्यात काय अवघड आहे?" पुढे तीन महिने हे वाक्य मी गिळीत होतो.

प्रथम वाचकांना हे सांगितले पाहिजे, की ही गोष्ट कुणा कथालेखकाची नाही. इटलीतील पाव्हिया येथे साल्वातोरे बेल्लिनी नावाच्या वैद्याला १९६३ साली पाण्यातील काही जंतू सदैव उत्तरेकडेच पोहताना आढळले. यांच्या अंगात होकायंत्र असले पाहिजे, असे त्याने लिहूनही ठेवले. परंतु ते लिखाण जगापुढे गेले नाही; कपाटात राहिले म्हणावयास हरकत नाही. पुढे बारा वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेत रिचर्ड ब्लेकमोर हा तरुण विद्यार्थी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील दलदलीचा चिखल सूक्ष्मदर्शकाखाली पाहात होता. तो पाहात होता दुसरेच जंतू. पण थेंबातले काही चपळ ठिपके पुन्हा पुन्हा एकाच कडेला जाऊन गर्दी करीत होते. खिडकी त्या बाजूला असेल, प्रकाशाकडे जात असतील, असे त्याला प्रथम वाटले. म्हणून त्याने सूक्ष्मदर्शक फिरवून पाहिला, दुसऱ्या जागी नेऊन पाहिला, वर पुठ्ठ्याचे खोके झाकून पाहिले. ठिपके आपले त्याच दिशेला! शेवटी त्याने जवळ लोहचुंबक आणला, तेव्हा ते सारे वळले. हा पुठ्ठ्याच्या खोक्याचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी तो वाचला होता, आणि नेमका विसरलो.

बरणी भरून आणली. निम्मा चिखल, वर निम्मे नदीचेच पाणी. झाकण सैल ठेवून, उन्हापासून दूर, काही आठवडे हलवावयाची नाही. चिखल निवतो, वरच्या पाण्यात प्राणवायू राहतो, खाली चिखलात तो संपतो, आणि या दोहोंच्या सीमेवर आमचे पाहुणे वस्तीला येतात. त्यांना प्राणवायू हवा, पण अगदी थोडका. भरपूर मिळाला तर सोसत नाही. आजीने बरणीला स्वयंपाकघरात जागा नाकारली. ती शेवटी कोठीच्या खोलीत, मिरच्यांच्या पोत्याशेजारी बसली.

वाट पाहात असताना नातीने एक उद्योग केला. शाळेतला पट्टीसारखा लोहचुंबक तिने केळनेच्या वाळूत फिरवला, तर त्याला काळ्या बारीक कणांची दाढी फुटली. "आबा, सापडले!" मी हसलो. आपला सारा मुलूख काळ्या पाषाणाचा, आणि या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज मुळातच असते. दगड झिजला, की त्याचे कण वाळूत येतात. गंमत ही, की जंतूंच्या पोटातही बहुधा हेच मॅग्नेटाइट असते. पण ते काही वाळूतले कण गिळीत नाहीत. पाण्यात विरघळलेले लोह ते शोषून घेतात आणि पोटातल्या पोटात, एकेका पातळ पडद्याच्या पिशवीत, त्याचे स्फटिक घडवितात. एकेक स्फटिक साधारण पस्तीस ते एकशेवीस नॅनोमीटरचा; मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे माप ठरीव आहे. स्फटिक याहून फार लहान असेल तर उष्णतेच्या नुसत्या धक्क्यांनी त्याचे चुंबकत्व डळमळते; फार मोठा झाला तर आतल्या आत त्याचे तुकडे पडून ते एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. सोनाराला लाजवील असे हे काम एक आंधळा, बिनमेंदूचा जंतू करतो. आणि एवढ्यावर थांबत नाही. पंधरा-वीस स्फटिक तो माळेसारखे एका ओळीत ओवतो, म्हणजे साऱ्यांचे मिळून एक होकायंत्र तयार होते. जंतू दुभंगून त्याचे दोन होतात तेव्हा ही माळही तुटते आणि अर्धी अर्धी वाटून दिली जाते. लेकीला आईच्या चुंबकाचा वाटा मिळतो आणि त्याबरोबर आईची दिशाही!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळेतून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक मी ओसरीवरच्या खिडकीत मांडला. बरणीच्या काचेला, चिखलाच्या किंचित वर, तासभर लोहचुंबक टेकवून ठेवला होता. तेथले पाणी नळीने ओढून काचपट्टीवर थेंब टाकला, शेजारी चुंबक ठेवला, डोळा लावला. आणि काय सांगू! थेंबाच्या चुंबकाकडील कडेला ठिपक्यांची जत्रा लोटलेली. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला इतकी गर्दी नसेल. मी नातीला हाक मारली, तिच्या आजीला हाक मारली, आणि मग जे करावयास नको होते तेही केले. शाळेत निरोप पाठवला, की जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनात आमची नात भोकरदनचे चुंबकी जंतू दाखवणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच सूक्ष्मदर्शकाशी बसली होती. मी चहा घेत होतो.

"आबा, ते वळत नाहीत."

"कोण?"

"ठिपके. चुंबक मी उलटा केला, तरी ते तिथेच. मग चुंबक उचलून पार कोठीत ठेवून आले, तरी तिथेच. मग चपलांचं खोकं झाकलं, तर सगळे पांगले."

मी उठून पाहिले. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमची जत्रा जमत होती ती खिडकीच्या बाजूला, आणि मी चुंबक ठेवला होता तोही योगायोगाने खिडकीच्याच बाजूला. ते होते हिरवट रंगाचे, उजेडाकडे धावणारे शेवाळी जीव. चुंबकाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ब्लेकमोरने पहिल्याच दिवशी केलेली खोक्याची परीक्षा मी केलीच नव्हती. ती केली चौदा वर्षांच्या पोरीने, आणि तिला ती कुणी सांगितलेलीही नव्हती.

"आता शाळेत काय सांगायचं?" तिने विचारले. आणि मग जरा घुटमळून म्हणाली, "जुळवायचं का?"

वाचक हो, हा शब्द तिने माझ्याच घरात ऐकलेला होता. येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी ज्या शाळेत शिकवत होतो, तिचे नाव सांगत नाही, तेथे दहावीच्या मुलांना लोहचुंबकाभोवतीच्या चुंबकीय रेषा होकायंत्राने काढावयाचा एक प्रयोग असे. कागदावर चुंबक ठेवावयाचा, छोटे होकायंत्र टप्प्याटप्प्याने सरकवीत ठिपके द्यावयाचे, ते जोडले की सुंदर कमानी उमटतात. आमच्याकडे त्या कधीच उमटल्या नाहीत. प्रयोगशाळेतल्या मेजांची चौकट लोखंडी होती, खिडक्यांचे गज लोखंडी होते. होकायंत्राची सुई बिचारी कुणाकुणाचे ऐकणार? मुलांच्या रेषा वेड्यावाकड्या येत. पहिल्या वर्षी मी गोंधळलो, दुसऱ्या वर्षी मेज बदलण्यासाठी अर्ज केला, आणि तिसऱ्या वर्षापासून मुलांना सांगू लागलो, "पुस्तकातली आकृती बघा आणि जुळवून काढा." ती आकृती देखणी असे. गुणही पूर्ण मिळत. ज्या एका मुलाने जसे दिसले तसे वाकडे काढले, त्याचे मी दोन गुण कापले होते. तो मुलगा आजही मला बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि मला त्याच्या वहीतली ती वाकडी रेषा आठवते. पोरगा बरोबर होता. त्याने मेजाचे लोखंड मोजले होते.

अशा वेळी मला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची आठवण येऊन जास्तच शरम वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे चालत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने सुया बिघडतील म्हणून नानाभाई मूस या संचालकांच्या काळात चुंबकीय वेधशाळाच अलिबागला हलविली. १९०४ साली तेथे काम सुरू झाले, आणि इमारत बांधली ती चुंबकाला न भुलणाऱ्या दगडाची. दोन वर्षे दोन्हीकडची मोजमापे बरोबर घेतली, म्हणजे जुन्याचा नव्याशी सांधा तुटू नये. त्यांनी सुईसाठी वेधशाळा हलवली. मला एक मेज ओसरीवर काढता आले नाही.

नातीला मी एवढेच म्हणालो, "नाही. जुळवायचं नाही." ती माझ्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "पण तुम्ही त्यांना सांगून बसलात." हेही खरेच होते. मी स्वतः शाळेत गेलो आणि सांगितले, की आम्हाला अजून काही दिसलेले नाही, परवा सांगितले ते माझ्या घाईने. पस्तीस वर्षांचा मास्तर, आणि विद्यार्थ्यासारखा उभा! नाव मात्र नोंदलेले होते, ते तसेच राहू द्या म्हणालो.

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. तक्त्यावर लिहावयासाठी मी तिला हे पोहण्याचे शास्त्र समजावू लागलो, आणि तेव्हा मला स्वतःला ते नीट समजले. पुष्कळांची अशी कल्पना असते, की चुंबक या जंतूंना ओढून नेतो. तसे मुळीच नाही. पृथ्वीचे चुंबकत्व अगदी दुबळे, आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही कमी. ते जंतूला फक्त वळवते. सुई जशी वळते तसे. मेलेला जंतूसुद्धा वळतो, पण जागचा हलत नाही. पोहावयाचे असते ते ज्याचे त्याने, आपल्या शेपटीसारख्या कशाभिकेने. पाण्याचे रेणू त्याला सारखे धक्के मारून दिशा चुकवू पाहतात; पण माळेचे चुंबकत्व त्या धक्क्यांच्या दहापटीच्या घरात असल्यामुळे तो रेषेवरून फारसा ढळत नाही.

"पण उत्तरेला जाऊन करायचं काय?" नात म्हणाली. "तिथं कोण आहे त्यांचं?"

हा प्रश्न चांगला होता. उत्तरेला कुणी नाही. पण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर नसतात. उत्तर गोलार्धात त्या उत्तरेकडे जाता जाता जमिनीत उतरतात. भारताच्या दक्षिण टोकाजवळ त्या जवळजवळ आडव्या आहेत. भोकरदनला त्यांचा उतार साधारण तीस अंशांच्या आसपास पडतो. तेव्हा जो जंतू उत्तरेकडे पोहतो तो खरे म्हणजे खाली, चिखलाकडे पोहतो. एवढ्या लहान जिवाला आपल्यासारखा वर-खालीचा भरवसा नसतो. पाणी त्याला मधासारखे दाट वाटते आणि स्वतःचे वजन जवळजवळ जाणवत नाही. उतारावरची रेषा हाच त्याचा जिना.

मला एकदम आमच्या वडिलांची विहीर आठवली. मोट आता कुठे राहिली नाही, पण ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी धाव असते. बैल धावेने पुढे, खाली जातात, मोट वर येते. मग हाकणारा त्यांना तसेच मागे, उलट पावली वर आणतो. बैल वळत नाहीत. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पुढे आणि मागे, एवढेच. काही चुंबकी जंतू नेमके असेच पोहतात. चुंबकाची रेषा म्हणजे धाव. ती कुठे थांबावे हे सांगत नाही. फक्त इकडेतिकडे भटकू देत नाही. हाकणारा निराळा, तो म्हणजे प्राणवायू. फार झाला की खाली, अगदी कमी झाला की उलट पावली वर. चारी दिशांनी शोधण्याऐवजी एकाच रेघेवर शोध घेतला की काम लवकर होते. रिचर्ड फ्रँकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हा चुंबक आणि प्राणवायू यांचा मेळ उलगडून दाखवला.

आणि उजेड? येथेच माझी फजिती झाली होती, म्हणून मी हा भाग जास्त बारकाईने वाचला. त्याच १९९७ च्या अभ्यासात मॅग्नेटोकॉकस या समुद्री जातीवर निळ्या, म्हणजे आखूड लहरींच्या, प्रकाशाचा झोत टाकला, तेव्हा ते जंतू प्राणवायू अति झाल्यासारखे वागू लागले आणि चुंबकीय रेषेने सरळ पळत सुटले. याचा अर्थ लावणे कठीण नाही. निळा उजेड जेथे आहे ते वरचे पाणी. तेथे प्राणवायू असणारच. उजेड ही आगाऊ सूचना. याउलट, मॅग्नेटोस्पिरिलम या गोड्या पाण्यातल्या जातीचे जंतू २०११ साली उजेडाकडे जाताना आढळले. निळा असो की तांबडा, आणि चुंबक उलटा असो की आडवा. त्यांच्यापुरते उजेडाचे खाते वेगळे आणि चुंबकाचे खाते वेगळे. आणि सर्वांत नवल त्याच वर्षी अमेरिकेच्या खाऱ्या दलदलीतून निघाले. तेथे दहा ते चाळीस पेशींचा गोळा करून राहणारे, एकजुटीने पोहणारे चुंबकी जंतू आहेत. ते होते दक्षिणमुखी. त्यांच्यावर उजेड धरला, की काही वेळाने ते चक्क उत्तरमुखी होत! किती वेळाने, ते उजेडाच्या रंगावर आणि तीव्रतेवर अवलंबून. उजेड फार वेळ ठेवला तर मरत.

"दक्षिणमुखी?" नातीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे ते वर जातात? मग आपली धाव?"

मी म्हणालो ना, ती पोरगी मला स्वस्थ बसू देत नाही. दक्षिण गोलार्धात दक्षिणमुखी जंतू असावेत हे सरळ आहे. तेथे रेषांचा उतार उलटा. १९८० साली न्यूझीलंड आणि टास्मानियातल्या चिखलात ते तसेच सापडले, आणि पुढच्या वर्षी ब्राझीलमध्ये, चुंबकीय विषुववृत्ताजवळ, दोन्ही तऱ्हेचे साधारण सारखेच. सारे कसे छान जुळले होते. परंतु २००६ साली अमेरिकेतल्या एका खाऱ्या तळ्यात, म्हणजे आपल्याच गोलार्धात, दक्षिणमुखी जंतू निघाले आणि ती सुबक आकृती वाकडी झाली. आणि तिसरे ठिकाण? ते आमच्या दारातले. २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात कराडच्या चावडर आणि बाजेकल या संशोधकांनी प्रसिद्ध केले, की लोणारच्या सरोवरात दक्षिणमुखी चुंबकी जंतू आहेत.

हे वाचल्यावर घरात बसवेना. एका रविवारी मी आणि नात जाफ्राबाद, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा असे करीत लोणारला गेलो. ते पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचे, उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेले विवर, तळाशी खारे, साबणासारखे बुळबुळीत पाणी. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, तेही सूक्ष्म जिवांमुळेच. गावात झोपलेल्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. तिच्यात चुंबक आहे असे लोक सांगतात. एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, उल्केतले लोखंड खाऊन जंतू चुंबकी झाले. कल्पना नामी आहे, पण चुंबकी जंतू साध्या तळ्या-नद्यांतही असतात, त्यांना उल्का लागत नाही. सरोवर अभयारण्यात आहे, म्हणून आम्ही चिखलाला हात लावला नाही. काठावर बसून डबा खाल्ला. नातीने विचारले, "आबा, त्या कराडच्या लोकांना पुस्तकाच्या उलट दिसलं, तर त्यांनी जुळवलं का नाही?" मी भाकरीत तोंड घातले.

प्रदर्शनात तिने तक्ता लावला: 'आम्हाला चुंबकी जंतू दिसले असे कसे वाटले, आणि ते कसे चुकले.' खाली खिडकी, चुंबक, चपलांचे खोके, साऱ्यांच्या आकृत्या. एक परीक्षक बराच वेळ उभे राहिले. त्यांनी विचारले, "बाळ, पण यात चुंबकी जंतू आहेत कुठे?" ती म्हणाली, "नाहीत सर." बक्षीस सौरचुलीला मिळाले. परतताना ती काही बोलली नाही, आणि मीही कधी नव्हे तो गप्प बसलो.

यानंतर हे प्रकरण मी संपल्यात जमा धरले होते. जानेवारीच्या अखेरीस कोठी झाडताना तिच्या आजीला मिरच्यांच्या पोत्यामागे दुसरी एक बरणी सापडली. दानापूरच्या जुई धरणाच्या काठावरचा चिखल. ऑक्टोबरातच भरून आणून मी साफ विसरलो होतो. तीन महिने ती अंधारात, न हलवता राहिली होती. म्हणजे शास्त्राला जे हवे, ते माझ्या विसरभोळेपणाने घडले.

या वेळी सूत्रे नातीने हाती घेतली. लोहचुंबक तिने दोऱ्याने टांगला, उत्तरेकडे स्थिर झालेल्या टोकाला कुंकवाचा टिळा लावला. सूक्ष्मदर्शक ओसरीवरून उचलून मधल्या खोलीत, लाकडी पाटावर ठेवला. लोखंडी कपाटापासून दूर. दारे लावली. उजेडासाठी छोटा दिवा, आणि त्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला तांबडा जिलेटिन कागद, म्हणजे निळ्या उजेडाची लुडबूड नको. प्रथम चुंबकाशिवाय पाहावयाचे, मग चुंबकासह, मग उलटून, मग काचपट्टी फिरवून. हा क्रम तिने वहीत आधी लिहून ठेवला होता.

पहिल्या सहा थेंबांत काही नव्हते. सातव्या थेंबात, कुंकू नसलेले टोक जवळ ठेवल्यावर, थोडे ठिपके, अगदी थोडे, त्या बाजूला सरकू लागले. जत्रा नव्हे, बाजाराच्या आदल्या दिवशी रस्त्यावर दिसावीत तितकी माणसे. होकायंत्राचे उत्तर टोक चुंबकाच्या दक्षिण टोकाकडे जाते, तसेच हे; म्हणजे उत्तरमुखी. ती म्हणाली, "आता उलटते हं." मी डोळा लावून होतो. कुंकवाचे टोक जवळ आले मात्र, आणि ते ठिपके थबकले, एकेकाने लहानसा वळसा घेतला, आणि आले त्या वाटेने परत निघाले. पुन्हा उलटला, पुन्हा वळले. दिवा दुसऱ्या बाजूला ठेवला. त्यांना त्याचे काही नव्हते.

माझा गळा दाटून आला, हे कबूल करावयास लाज कसली? मी तिला जागा दिली. ती बराच वेळ पाहात होती, ओठांनी काही तरी मोजत होती. मग वही ओढून लिहू लागली. मी मागून वाचले: 'नजरेने धरलेले ठिपके १५. वळले ११. वळले नाहीत ३. एक हरवला.'

दार ढकलून तिची आजी आत आली. "दिसलं का एकदाचं? मग आता तरी ती घाण बाहेर टाकू का?"

"नको आजी," नात वहीतून डोके न काढता म्हणाली, "ते तीन का वळले नाहीत, ते बघायचंय अजून."